ल्विंडीनंतर आलेलं पाणी

लुसेंगा धरण वसाहत,
२ डिसेंबर

आदरणीय मामा,

तुमच्या अंगणात गुडघा टेकवून, टाळ्या वाजवून तुमच्या भाच्याचा नमस्कार. तुमचं पत्र काल पिठाच्या ट्रकवाल्याने आणून दिलं. पाकिटावर इतकं पीठ होतं की तुमची भाचेसून मुतिंता म्हणाली, झटकून घेतलं तर संध्याकाळच्या जेवणाला नसिमा शिजेल. मामींचा गुडघा आता कसा आहे? आईला सांगा, तिच्यासाठी कापड घेऊन ठेवलंय, हिरवंच घेतलंय, दुसरा रंग तिला चालत नाही हे विसरलेलो नाही.

इथे आम्ही बरे आहोत. मुतिंताला इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात दिवसपाळी मिळाली, त्यामुळे ती सध्या माणसात आहे. वीज येते तेव्हा सगळे झोपलेले असतात; आमचा शेजारी उठून इस्त्री करतो. तुम्हाला फोन लावून पाहिला. लागला नाही. कसा लागणार? तुमचा फोन दुकानात चार्जिंगला, दुकानात वीज नाही आणि वीज नाही कारण आमच्या तळ्यात पाणी नाही. म्हणजे तेही खापर माझ्याच डोक्यावर. शिवाय फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे तुमच्याभोवती जमलेल्या निम्म्या सियामुंडा गावाशी बोलायचं, त्यापेक्षा पत्र बरं.

आता तुमच्या मागणीबद्दल.

तुम्ही लिहिलंय की पाऊस मागायची ल्विंडी जवळ आली, आणि देवराईखालच्या डोहात गाळाशिवाय काही उरलेलं नाही. पूर्वजांपुढे शिंपडायचं पाणी नदीचंच लागतं, हातपंपाचं चालत नाही, हे मला माहीत आहे. लहानपणी तुमच्या मागे पाण्याचा भोपळा धरून मीच उभा असायचो. तुम्ही म्हणता, गुडघाभर पाणी, एकच दिवस. “दार तुझ्या हातात आहे, पोरा.”

मामा, दार माझ्या हातात आहे, पाणी नाही. तळ्यातल्या बुरुजाला पाणी घ्यायला तीन तोंडं आहेत, एकाखाली एक. वरची दोन उघडी पडलीत. एकात तर पाकोळ्यांनी घरटी केलीत. शहर, इस्पितळ, शाळा, सगळं आता तळच्या एका तोंडावर चाललंय. त्याखाली चिखल. पाऊस येईपर्यंत हे पुरवायचं आहे, आणि पाऊस येईल असं आमचे हवामानवाले म्हणत नाहीत. तुमच्याकडे जी बारीक धार सोडलेली आहे ती नळातून सोडलेली आहे, तेवढीच. त्यावर गुरं जगतायत, ती आम्ही जिवापाड सांभाळतोय.

तरीही मी चिलेशे बाईंना विचारलं. या आमच्या नव्या मुख्य अभियंता, उत्तरेकडच्या, चष्मा कपाळावर ठेवून बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, हे मला आवडलं. मग म्हणाल्या, “मुंसाका, तुमच्या मामांना पाणी दिलं तर उद्या खालच्या प्रत्येक गावाचा मामा पत्र लिहील. आणि त्यांचं म्हणणंही खोटं नसेल.”

तेव्हा हे स्पष्ट लिहितो. पाऊस पडेपर्यंत मोठं दार उघडलं जाणार नाही. त्याला साखळी आहे, कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे. लोकांना तसंच सांगा. माझ्या नावाने सांगा, म्हणजे कुणी आशेवर बसायला नको. भांडणं मी अंगावर घेतो.

रागावू नका. रागावलात तरी कळवा.

तुमचा भाचा,
मुंसाका


लुसेंगा धरण वसाहत,
२१ डिसेंबर

आदरणीय मामा,

टाळ्या वाजवून नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुतिंतालाही वाचून दाखवलं. तिला फार आनंद झाला, तिने चुलीपुढेच जीभ हलवून लांब आरोळी घातली आणि शेजारणी धावत आल्या, काय झालं म्हणून.

तुम्ही लिहिलंय ते सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. ल्विंडीचा पहिला दिवस कोरडा गेला, तुम्ही गाळात भोपळा बुडवून चिखलच शिंपडला, मागे पोरं फिदीफिदी हसली. आणि दुसऱ्या दिवशी, मडक्यांतली दारू संपायच्या आत, वरच्या वळणावरून पाणी आलं. तपकिरी, फेसाळ, काटक्या घेऊन. बायका नदीत उतरून नाचल्या. आईही नाचली, हे वाचून मला हसू आलं. त्या वयात.

तुम्ही लोकांना माझं पत्र वाचून दाखवलंत. धरणाला कुलूप आहे, किल्ली माझ्या भाच्याकडे आहे, त्याने लिहून दिलंय. मग तुम्ही विचारलंत, हे पाणी कुणाचं? आणि सगळे एका आवाजात म्हणाले, मुंसाकाचं. म्हणजे पणजोबांचं, ज्यांनी देवराई राखली आणि ज्यांचं नाव तुम्ही मला ठेवलंत. हे वाचताना मला कसंसंच झालं. नाव त्यांचं आहे, मला काय कळतं.

इकडे पाऊस नाही. वर डोंगरात कुठे एखादी सर झाली असेल. अशी सर होते कधी कधी, आम्हालाही पत्ता लागत नाही.

मामा, एक विचारायचं होतं. तुम्ही लिहिलंय की दारू संपायच्या आत नदी चढली तर त्याच दिवशी पेरायचं, हा आपल्याकडचा रिवाज. रिवाज मला ठाऊक आहे. पण सगळ्यांनी सगळं बी पेरलं का? थोडं मागे ठेवलं असेलच ना? सरकारी बी आलं होतं तेही पेरलं? एक पाणी आलं म्हणजे दुसरं येईलच असं नसतं. कमीत कमी मामींनी तरी चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसं उतरवू नयेत. हे मी उगाच लिहितोय, तुम्ही मला शेती शिकवलीत, मी तुम्हाला काय शिकवणार.

इकडे काम फार आहे. जास्त लिहीत नाही.

मुंसाका


लुसेंगा धरण वसाहत,
२४ जानेवारी

मामा,

या वेळी नमस्कार नंतर करतो. आधी एक विनंती. हे पत्र माणसांत बसून वाचू नका. आईलाही मागाहून. आधी एकट्याने देवराईच्या मागच्या दगडावर जाऊन वाचा, मग कुणाला वाचून दाखवायचं ते तुम्ही ठरवा.

तुमचं पत्र आलं. बोटभर कोंब आले आणि जळून गेले. कुणी तुम्हाला दोष दिला नाही, कारण पाणी आलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. तुम्ही लिहिता, पूर्वजांनी अर्धं दिलं कारण आपणच अर्ध्या मनाने मागितलं, गाळ शिंपडला. आता पौर्णिमेला पुन्हा ल्विंडी. या वेळी चुलीवरची कणसं उतरवायची, पुढच्या सालासाठी राखलेलं सगळं बी बाहेर काढायचं. हामूंगा गावाकडून शेळ्या देऊन आणखी बी आणायचं ठरलंय. दोन शेळ्या तर गेल्याही. “पाणी येईल. पहिल्यांदा आलं तसं येईल.” या वाक्याखाली तुम्ही रेघ मारली आहे.

मामा, ते पाणी मी सोडलं होतं.

हे वाक्य लिहून मी बाहेर जाऊन आलो. आता कसं झालं ते सांगतो.

मोठं दार बंद ठेवलं तरी काही महिन्यांनी ते थोडं वर उचलावं लागतं, नाहीतर गंजून बसतं आणि पुराच्या वेळी उघडतच नाही. वंगण घालायचं, वीतभर उचलायचं, चहाला उकळी यायच्या आत खाली टाकायचं. ते काम माझं. मिलिमो नावाचा माझा सोबती चाकाशी असतो, तुमच्यासारखाच वंगणाचे हात पँटला पुसतो. ल्विंडीच्या दोन दिवस आधी वंगणाची पाळी होती. ती मीच त्या दिवशी ठेवली होती. इथून सियामुंडाला पाणी पोचायला किती वेळ लागतो हे मला तोंडपाठ आहे; ते पहिल्याच दिवशी पोचायचं, कोरड्या वाळूने एक दिवस खाल्ला. दार उचललं, मिलिमोला म्हटलं, जा, जेवून ये. आणि मी तिथेच बसून राहिलो. ऊन समोरच्या डोंगरावर चढेपर्यंत बसलो. मिलिमो परत आला, पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तो एवढंच म्हणाला, “दादा, चहा आटला.” मग दोघांनी दार खाली टाकलं. त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

का केलं, ते विचाराल. गेल्या साली तुम्ही शिंपडत असताना पंपावरची पोरं ओरडली होती, की म्हाताऱ्याला बादली द्या. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत, पण भोपळा घाईघाईने रिकामा केलात. ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तुमच्या पायापाशी गुडघाभर पाणी असावं, तुमचा मान राहावा, एवढंच मला हवं होतं. पेरणीचा विचार माझ्या मनातही आला नाही. आपल्या गावचा रिवाज, मी तुमच्याच हाताखाली शिकलेला, आणि मला तो आठवला तुमचं पत्र वाचताना! शहरात राहून राहून माणूस किती मूर्ख होतो. आणि खरं सांगायचं तर थोडं सुखही होतं त्यात. दार उचलून बसलेलो असताना मला वाटत होतं की मी कुणालाही न सांगता पाऊस पाडतोय.

सगळ्यात वाईट हे, की लिहिलं तेव्हा माझं पहिलं पत्र खरं होतं. ते मी लिहिलंच नसतं, तर पाणी पाहून तुम्ही म्हणाला असता, धरणवाल्यांनी सोडलं, पोराने ऐकलं. दोन वेळा मला आशीर्वाद दिला असता आणि बी घरातच राहिलं असतं. मी कुलपाची ग्वाही दिली म्हणून ते पाणी पूर्वजांचं झालं. आणि दुसऱ्या पत्रात डोंगरातल्या सरीचं लिहिलं तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर उरलेलं बी तरी वाचलं असतं, शेळ्या गेल्या नसत्या. नोकरी जाईल म्हणून भ्यायलो. तुमचं पत्र इतकं आनंदाचं होतं, तेही एक. पण आधी भ्यायलो.

इथली गत सांगतो, म्हणजे तुम्ही पुन्हा माझ्याकडे आशेने बघणार नाही. त्या दिवशी जे वाहून गेलं ते शहराचं आठवडाभराचं पाणी होतं. आज तो आठवडा नाही. तळचं तोंड आता पाण्याबरोबर हवा ओढतं, पंप खोकतात. शहरात नळ दिवसाआड होते, आता तेही नाहीत. टँकरपुढे बायका बादल्यांच्या रांगा लावून उन्हात बसतात, भांडायचंही त्राण नाही. परवा मुतिंता कामावरून आली आणि हात न धुताच भिंतीला टेकून बसली. म्हणाली, “आज एकाच बादलीत तीन बाळंतिणींची कापडं बुचकळली.” मग म्हणाली, “तळं एवढ्या लवकर कसं उतरलं रे?” मी म्हटलं, ऊन फार आहे. तिने विश्वास ठेवला. मामा, मी तुमचंही वाटोळं केलं आणि हिचंही. एका दुपारच्या पाण्याने कुणाचंच पोट भरलं नाही.

त्या दुपारबद्दल चिलेशे बाईंना काही कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी विचारलं नाही. काल बैठक झाली, शहराचे लोक, इस्पितळाचे, आमचे. खालच्या गावांचं कुणी नव्हतं. निरोप पाठवला असं म्हणतात, पण त्या दिवशी ट्रक बंद होता. ठरलं असं, की तुमच्याकडे येणारी बारीक धार आता बंद करायची. मी बोललो. गुरांचं बोललो, वाळूत खड्डे खणून पाणी भरणाऱ्या बायकांचं बोललो. कुणी माझं खोडून काढलं नाही. सगळ्यांना पटलं आणि तरीही तेच ठरलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “खाली तुमची माणसं आहेत. चाक तुम्ही नका फिरवू, मिलिमो फिरवेल.” मी नको म्हटलं. दुसऱ्या कुणी फिरवलं तर मला ते आयुष्यभर दुसऱ्याने केलेलं वाटत राहील. सोमवारी मीच फिरवणार आहे.

म्हणून मी येऊ शकत नाही. खरं तर येऊन, तुमच्यापुढे बसून हे सांगायला हवं होतं. आजचा, शनिवारचा ट्रक मिळाला असता. मी थांब्यापर्यंत गेलो आणि परत आलो. तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. हे पत्र त्याच ट्रकवाल्याच्या हातात देणार आहे आणि त्याला शपथ घालणार आहे की पौर्णिमेआधी पोचवेन म्हण.

मंगळवार-बुधवारपासून तुमच्याकडची नदी उतरायला लागेल. डोह आधी जाईल. त्याच्या खालच्या वळणावर, जिथे वाळू जाड आहे, तिथे आत्ताच खणायला लावा, ओल आहे तोवर खोल जाता येईल. गुरं हामूंगाच्या बाजूला हलवा. म्हातारी गुरं मागे ठेवू नका, ती हलणार नाहीत म्हणून लोक ठेवतील, आणि मग ती गाळात रुततील. या साली पाऊस येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. मागे मी डोंगरातल्या सरीचं सांगितलं, तेवढं एक खोटं पुरे. आणि आला तरी पहिलं पाणी आमचं तळं गिळेल, तुमच्यापर्यंत काही यायचं नाही.

तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकू येतंय. तुम्ही म्हणाल, मग काय झालं, पाणी मुंसाकानेच सोडलं ना? नाव त्यांचं, हात त्यांचा, त्यांनीच तुझ्या मनात घातलं. लोकांनाही हे पटेल, मला माहीत आहे. कुणालाही पटेल. मामा, तुमच्या पाया पडतो, असं म्हणू नका. ज्याच्या नावाने तुम्ही दारू ओतणार आहात तो तळ्याकाठच्या ऑफिसात बसून हे लिहितोय आणि सोमवारी तो उरलेली धारही तोडणार आहे. पूर्वजांची काय इच्छा आहे ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे पाणी नाही, एवढं मला ठाऊक आहे. या वेळी दारू संपेल, नाचणारे थकून बसतील आणि वळणावरून काहीही येणार नाही.

ल्विंडी करायची की नाही हे तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. लोकांना माझं नाव सांगा. सांगा, माझ्या भाच्याने फसवलं. माझ्यावर थुंकतील, थुंकू द्या. तुमच्यावर कुणी हसता कामा नये.

पण बी जमिनीत जाऊ देऊ नका. तुम्ही मला शिकवलंत की उपाशी मेलं तरी बियाण्याला हात लावायचा नाही, आणि मी तुम्हाला, देवराईच्या राखणदाराला, हे लिहितोय. कणसं उतरवा. मामींना सांगा, आईला सांगा, दळा. घरोघर जाऊन सांगा. शिजवा आणि पोरांच्या पुढ्यात वाढा. मामा, बी खाऊन टाका.

आता नमस्कार करतो. दुरूनच, गुडघा टेकवून. टाळ्या वाजवत नाही.

सोमवारी तुमचं पाणी बंद करणारा,
तुमच्या बहिणीचा मुलगा,
मुंसाका